एकटी का चाललीस?

या सदरात मी दर दिवाळीला घरातलंच काहीतरी घेऊन येते. कधी लेकीला जोडाक्षरं शिकवतानाची तारांबळ, कधी इथल्या थंडीत न फुगणारं इडलीचं पीठ. यंदाचा विषय घराबाहेरचा आहे आणि घरापासून बराच लांबचाही. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी जपानला चालले आहे. बारा दिवसांसाठी. एकटी.

शेवटचा शब्द मुद्दाम वेगळा लिहिला, कारण ऐकणाऱ्याचं लक्ष तिथेच अडकतं. सांगलीहून आईनं फोनवर आवाज खाली आणून विचारलं, ‘अगं, घरात सगळं ठीक आहे ना?’ सासूबाई म्हणाल्या, ‘त्याला सुट्टी नाही मिळाली का?’ मंडळाच्या गणपतीत एका काकूंनी मला बाजूला घेतलं. ‘मग पोरीचं कोण बघणार गं?’ मी म्हटलं, ‘तिचे बाबा.’ त्या थोडा वेळ माझ्याकडे बघतच राहिल्या. सात वर्षांच्या लेकीचा प्रश्न सगळ्यांत नेमका होता : ‘आई, तू हरवलीस तर कोणाचा हात धरशील?’

घरात सगळं ठीक आहे. नवऱ्याला वर्षाची ठरलेली सुट्टी मिळते आणि तिच्यातली बहुतेक भारतवारीत जाते, तुमच्याकडे जाते तशीच. लग्नं, मुंजी, दाताचं काम, बँकेची केवायसी, दोन्हीकडच्या आजी-आजोबांना समान दिवस. त्यात मला आनंदच असतो. पण अकरा वर्षांत ‘यंदा कुठे जायचं?’ हा प्रश्न आमच्या घरात कधी आलाच नाही. मी आजवर एकटीनं नेमानं केलेला सगळ्यांत लांबचा प्रवास म्हणजे सांगली ते कोल्हापूर, एम.ए.च्या तासांसाठी, एसटीनं, दीड तास. इंग्लंडला आले तीही नवऱ्याचं बोट धरूनच म्हणायची.

पैशांचं आधी सांगून टाकते, कारण तोही प्रश्न मनात येतोच. लग्नाआधी आणि नंतरही काही काळ मी माध्यमिक शाळेत शिकवत होते. नोकरी सोडताना मिळालेली फंडाची रक्कम ठेवीत होती. यंदा तिची मुदत संपली. नवरा म्हणाला, ‘जायला माझी ना नाही, पण ठेव कशाला मोडतेस? आपल्या खात्यातून जा की.’ मी म्हटलं, ‘मोडत नाही, पिकली आहे.’ त्याला ते पटलं की नाही कोण जाणे, पण तो हसला.

आणि मग मी शाळेतल्या सवयीनं टाचणवही काढली. शिक्षिकांना ठाऊक असेल, पाठ घ्यायचा तर आधी टाचण : उद्दिष्ट, साहित्य, कृती, मूल्यमापन. जपानच्या व्हिसाच्या अर्जासोबत तरी दुसरं काय मागतात? कोणत्या दिवशी कुठे असणार, काय बघणार, रात्री कुठे उतरणार. तक्ता भरताना मला थेट मुख्याध्यापकांच्या सहीसाठी टाचण घेऊन उभं राहिल्यासारखं वाटलं.

साहित्य आणि कृती हे रकाने सोपे होते. ज्यांच्या मनात असा बेत असेल त्यांच्यासाठी थोडक्यात लिहिते.

पहिल्यांदाच एकट्यानं जायचं तर विमान थेट घ्यावं. रशियावरून उडता येत नसल्यामुळे २०२२ पासून लंडन-टोकियो प्रवास सुमारे चौदा तासांवर गेला आहे. लांब आहे, पण मध्यरात्री परक्या विमानतळावर विमान बदलण्यापेक्षा बरा. इथे राहून भारतीय पासपोर्ट वापरणाऱ्यांनी आणखी एक बघावं : इथला रहिवासाचा परवाना आता ऑनलाइन आहे, त्या खात्याला आपला चालू पासपोर्ट जोडलेला हवा. पासपोर्ट नवा काढला असेल तर परतीच्या दारात अडकण्यापेक्षा हे घरी बसून तपासलेलं चांगलं.

आगगाडीचा सगळीकडे चालणारा सात दिवसांचा पास पूर्वी २९,६५० येनला मिळायचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो ५०,००० येन झाला. टोकियो ते क्योटो बुलेट ट्रेनचं एका बाजूचं तिकीट सुमारे १४,००० येन. मी जाऊन-येऊन एकदाच जाणार, म्हणजे सुटी तिकिटं स्वस्त पडतात. जुन्या प्रवासवर्णनांत ‘पास घ्याच’ असं वाचलं असेल तर आधी बेरीज करा.

एकट्या बाईची खरी अडचण असते सामानाची. जरा बॅग बघ, असं म्हणायला शेजारी कोणी नसतं. जपानमध्ये ‘ताक्क्यूबिन’ नावाची सोय आहे. मोठी बॅग एका हॉटेलातून पुढच्या हॉटेलात पाठवायची. टोकियोहून दिली की क्योटोला सहसा दुसऱ्या दिवशी पोचते. आपण पाठीवर एक पिशवी घेऊन मोकळ्या. सकाळच्या गर्दीत शहरातल्या बऱ्याच मार्गांवर बायकांसाठी राखीव डबा असतो, मुंबईच्या लेडीज डब्याची सवय असलेल्यांना हे सांगायला नकोच.

औषधं मात्र जपून. सुडोएफेड्रिनचं प्रमाण दहा टक्क्यांहून जास्त असलेली सर्दीची औषधं तिकडे नेता येत नाहीत. इथलं सरकारी आरोग्य कार्डही जपानमध्ये चालत नाही, म्हणून प्रवासाचा विमा हवाच, आणि तो घेताना असलेली दुखणी सांगावीत. मी माझा थायरॉईड सांगितला. हप्ता थोडा वाढला, पण झोप चांगली लागेल.

लेकीच्या प्रश्नाचं उत्तर याच रकान्यात आहे. जपानमध्ये गल्लोगल्ली ‘कोबान’ म्हणजे छोट्या पोलीस चौक्या असतात आणि वाटा विचारणाऱ्यांना वाट सांगणं हे तिथल्या पोलिसांचं रोजचंच काम आहे. मी हॉटेलचं नाव-पत्ता जपानी लिपीत लिहिलेलं कार्ड जवळ ठेवणार. पासपोर्ट तर कायद्यानंच सतत जवळ बाळगावा लागतो. पोलिसांसाठी ११०, रुग्णवाहिकेसाठी ११९, हे लेकीनंच स्वतःच्या अक्षरात लिहून फ्रीजवर लावलं आहे. रोज रात्री दहाला मी फोन करणार. तेव्हा इथे दुपारचा एक वाजलेला असेल आणि सांगलीत साडेसहा, आईची दिवेलागणीची वेळ. लेक शाळेत असेल, तिच्यासाठी रोज एक निरोप बोलून ठेवायचं ठरलं आहे.

अवघड गेला तो पहिला रकाना. उद्दिष्ट.

विमानाची जागा निवडायची वेळ आली तेव्हा ते लक्षात आलं. खिडकी की कडेची? अकरा वर्षं मी मधल्या जागेवर बसत आले. नवऱ्याचे पाय लांब, त्याला कड. लेकीला खिडकी. मधे मी, दोघांचे पाण्याचे पेले आणि रंगपेटी सांभाळत. कुणी सक्ती केली नव्हती, ते तसंच बसत गेलं. आता पडद्यावर सगळं विमान रिकामं आणि मला सांगता येईना की मला काय आवडतं. मी उठून चहा केला. शेवटी खिडकी घेतली. पण ती हवी म्हणून घेतली की लेक नेहमी घेते म्हणून, हे अजूनही मला नीट ठाऊक नाही.

पुढे प्रत्येक पायरीवर तेच. सकाळी किती वाजता उठायला आवडेल? देवळं की बाजार? जेवणाला महत्त्व की चालण्याला? इतरांची उत्तरं मला पाठ होती. नवऱ्याला दिवसाला दोनच ठिकाणं चालतात, आईला ओळखीचं जेवण लागतं, लेकीला झोपाळे. माझा रकाना कोरा. वर्गात मुलांना ‘स्वतःच्या शब्दांत उत्तर लिहा’ असं वर्षानुवर्षं सांगितलं, त्यातलं अवघडपण आता कळतं आहे.

तो रकाना भरला एका डोंगरानं. ओसाकाच्या दक्षिणेला कोयासान म्हणून सुमारे आठशे मीटर उंचीवर मठांचं गाव आहे. कूकाई नावाच्या साधूनं ते नवव्या शतकात वसवलं. नाम्बा स्थानकातून गाडीनं गोकुराकुबाशी, तिथून पाच मिनिटं तारेच्या गाडीनं वर, मग बस. तिथे मठात उतरता येतं, संध्याकाळी लवकर जेवण, पहाटे प्रार्थना. जेवणात मांस-मासे नसतातच, कांदा-लसूणही नसतो, म्हणजे आपला चातुर्मासच म्हणा. एरवी जपानमध्ये साध्या सूपातही वाळवलेल्या माशाचा अर्क असतो, त्यामुळे शाकाहारी माणसाला हा मोठा दिलासा. मात्र एकट्या पाहुण्याला काही मठ खोली देत नाहीत, म्हणून आधी विचारून ठरवावं लागतं. मला तिसऱ्या प्रयत्नात मिळाली.

कोयासानच्या स्मशानवनात दोन किलोमीटर वाट आहे आणि दोन लाखांहून जास्त समाध्या. त्यांतल्या कित्येक पाच दगड एकावर एक रचून केलेल्या, पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. त्यांवर अक्षरं असतात ‘सिद्धम्’ लिपीतली, भारतातून चीनमार्गे तिथे पोचलेली संस्कृत बीजाक्षरं. मराठीच्या माजी शिक्षिकेला याहून काय हवं? तिथल्या विद्यापीठात २०१५ साली महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याचं अनावरण झालं, तोही बघायचा आहे.

पण मी जाते आहे ती ‘न्योनिन्दो’साठी. न्योनिन्दो म्हणजे बायकांचा मंडप. हजार वर्षांहून जास्त काळ या गावात बायकांना पाऊल टाकायला बंदी होती. गावाच्या सात वेशींवर एकेक मंडप होता, बायकांनी तिथपर्यंत चढून यायचं, तिथूनच हात जोडायचे, आणि डोंगराच्या कडेकडेनं सातही वेशींची प्रदक्षिणा करून परत उतरायचं. १८७२ मध्ये सरकारनं बंदी उठवली, प्रत्यक्षात ती पुरती उठायला विसावं शतक उजाडलं. सातांपैकी एक मंडप अजून उभा आहे. बस त्याच्यासमोरून जाते. मी तिथे उतरून वेस पायी ओलांडणार आहे. हे वाचलं त्या रात्री उद्दिष्टाचा रकाना भरला, आणि या वेळी कुणाला काय आवडेल हे आठवावं लागलं नाही.

राहिला एकटीचा प्रश्न. तो आपल्याकडे जुना आहे. १८८३ साली आनंदीबाई जोशी डॉक्टरी शिकायला अमेरिकेला निघाल्या तेव्हा लोकांनी विचारलेल्या प्रश्नांना त्यांनी श्रीरामपूरच्या कॉलेजात भाषण करून एकेक करून उत्तरं दिली. त्यांतला एक प्रश्न होता, एकटी का जातेस? वय अवघं सतरा-अठरा. उत्तरात कुठेही आव नव्हता. आम्ही दोघंच जाणार होतो, पण तेवढे पैसे नाहीत, आणि घरची माणसं नवऱ्यावर अवलंबून आहेत, असा साधा हिशेब त्यांनी मांडला. एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून जहाजात बसल्या, सोबत ओळखीतल्या मिशनरी बायका, घरचं कोणी नाही. जूनमध्ये न्यूयॉर्कला पोचल्या.

त्यांच्या जाण्याशी माझ्या बारा दिवसांची तुलना नाही, त्या शिकायला गेल्या, मी फिरायला. पण हे भाषण वर्गात शिकवताना मी ‘धैर्य’ या शब्दावरच भर द्यायचे. आता मला त्यातला हिशेब जवळचा वाटतो. एकटी का, याचं उत्तर भांडण किंवा बंड असलंच पाहिजे असं नाही. मला जे बघायचं आहे ते नवऱ्याला बघायचं नाही, त्याची सुट्टी भारतवारीला लागते, लेकीचे पाय अजून लहान आहेत, आणि ठेव पिकली आहे. आईला मी फोनवर हेच सांगितलं. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘मला कुणी विचारलं असतं तर मी रामेश्वरला गेले असते.’ तिच्या तोंडून रामेश्वरचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं. पुढच्या भारतवारीत दोन दिवस कमी लग्नं आणि एक रामेश्वर, असं मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं आहे.

भीती वाटते. पहिल्या रात्री खोलीचं दार लावल्यावर काय वाटेल, याचं टाचण काढता येत नाही. मूल्यमापनाचा रकाना म्हणूनच कोरा ठेवला आहे.

मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात मी नेहमीसारखी फराळाच्या टेबलापाशी असेन. वही बरोबर आणते आहे, ज्यांना तक्ता उतरून घ्यायचा आहे त्यांनी खुशाल घ्यावा. फक्त पहिला रकाना माझा उतरवू नका. चकली घेऊन एका कोपऱ्यात बसा आणि तो स्वतःच्या शब्दांत लिहा.

सगळ्यांना दिवाळीच्या मनापासून शुभेच्छा.