रक्तचाचणी सरसकट नको



साठीनंतर प्रत्येकाने अल्झायमरची रक्तचाचणी करावी, हे एका वाचकाने पत्रातून मांडलेले मत पटले नाही. अमेरिकेत मे २०२५ मध्ये मान्यता मिळालेली ल्युमिपल्स चाचणी रक्तातील पी-टाऊ २१७ आणि बीटा-अमायलॉइड या प्रथिनांचे गुणोत्तर मोजते. पण ती ५५ वर्षांवरील, लक्षणे दिसणाऱ्यांसाठीच आहे. शिवाय मूत्रपिंड बिघडले तरी पी-टाऊ वाढते!

माझ्या सासूबाई चुलीवर भात ठेवून विसरू लागल्या, तेव्हा मुंबईहून दिरांनी हीच चाचणी सुचवली. डॉक्टरांनी आधी बी-१२ आणि थायरॉईड तपासले. बी-१२ फारच कमी निघाले. इंजेक्शनांनी बराच फरक पडला. पोलादपूर-महाडच्या सरकारी दवाखान्यांत या साध्या तपासण्या बारमाही मिळाव्यात, ही मागणी आधी लावून धरू या.

— एक वाचक, कशेडी