झाकणभर ब्रँडी आणि पोटातले बाळ

दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. विहाराच्या वर्गणीसाठी वस्तीतल्या एका घरी गेलो होतो. सून पाच महिन्यांची गरोदर, सर्दीने बेजार. सासूबाईंनी कोमट पाण्यात झाकणभर ब्रँडी घालून तिच्या हातात दिली. मी हटकले, तर म्हणाल्या, "भाऊ, झाकनभरच तर देलं. आमी बी घेतलं, काय झालं आमच्या लेकरायला?"

मला उत्तर देता आले नाही. मी पडलो बी.कॉम. झालेला कारकून. डॉक्टरांना विचारून, थोडे वाचून आज ते उत्तर देत आहे.

आईने घेतलेली दारू वारेतून थोड्याच वेळात बाळाच्या रक्तात जाते आणि तिथे तिचे प्रमाण जवळजवळ आईइतकेच होते. आईचे यकृत ती पचवते. बाळाचे यकृत अजून कच्चे असते. बाळाच्या लघवीवाटे ती गर्भजलात उतरते आणि तेच पाणी बाळ पुन्हा गिळते. आईची उतरली तरी बाळाची रेंगाळते.

आता मेंदूचे. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी आपल्याकडे चाऱ्यांवाटे शेतात येते. चारी वाकडीतिकडी झाली की टेलच्या शेतकऱ्याचे काय होते, हे परभणीकरांना सांगायला नको. बाळाच्या मेंदूतही पृष्ठभागावरून आत सरळ, समांतर अशा बारीक रक्तवाहिन्या उतरतात. फ्रान्समधील रुआँ येथील शास्त्रज्ञांनी 2012 साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, गर्भात दारू पोचलेल्या उंदरांच्या पिलांत या वाहिन्यांची रांग विस्कटलेली आढळली. दारूची बाधा झालेल्या मानवी गर्भांच्या मेंदूतही तसेच दिसले. प्राणवायू याच वाटेने पोचतो. शिवाय वाढत्या मेंदूतल्या काही पेशी याच वाहिन्यांच्या आधाराने आपापल्या जागी जातात.

सिएटलच्या जोन्स आणि स्मिथ या डॉक्टरांनी 1973 साली अशा मुलांच्या विकाराला नाव दिले. डोके लहान, वरचा ओठ पातळ, वाढ खुंटलेली. पण कित्येक मुले दिसायला चारचौघांसारखीच असतात. अडते ते गणितात, लक्षात ठेवण्यात, एका जागी बसण्यात. मास्तर त्याला 'ढ' ठरवतात, बाप बदडतो. दोष त्या लेकराचा नसतो.

सासूबाईंचे म्हणणे खोटे आहे असे नाही. प्रत्येक बाळाला बाधा होतेच असे नाही. किती घेतली, कोणत्या महिन्यात, आईच्या पोटात अन्न किती, यावर ते ठरते. एका झाकणाने त्या बाळाचे नुकसान झालेच, असे मी म्हणणार नाही. पण अमुक इतकी चालते असे सांगणारे मापही कोणाजवळ नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटना गरोदरपणी अजिबात नको म्हणते. आधी घेतली गेली असेल तर आजपासून बंद करावी आणि तपासणीला गेल्यावर न लाजता सांगावे.

आपण पाचवे शील पुरुषांना ऐकवतो. औषध म्हणून दिलेले झाकण त्यात धरतच नाही. ऊसतोडीच्या कोपीवर थंडीत, अंग दुखते म्हणून बाईच्या हाती घोट देणारा बहुधा नवराच असतो. बोल मात्र पुढे तिलाच लागतो. 2019 पासून लागू झालेला बाटलीवरचा इशारा पाहा: दारू आरोग्यास घातक, पिऊन गाडी चालवू नका. गाडीची आठवण झाली, गरोदर बाईची नाही.

परवा तीच सून वाटेत भेटली. सातवा महिना चालू आहे. म्हणाली, "दादा, ब्रँडी बंद केली. पण आत्यानं दशमूलारिष्ट आणून ठेवलंय, ते चालतं का?" आसव-अरिष्टे आंबवूनच तयार होतात, त्यामुळे त्यांतही थोडा मद्यार्क असतो. मी तिला बाटली पिशवीत घालून तशीच डॉक्टरांकडे पाठवले.