सुट्टी आमची, उस्तवार वहिनींची

परवा माझी भाची कॅनडाला परत गेली. ती, नवरा, दोन मुलं आणि सहा बॅगा. तीन आठवडे होती. पोचल्यावर लगेच फोन, "मामी, काय मज्जा आली गं! असं वाटतं, येऊच नये परत." मी म्हटलं, "ये की पुढच्या वर्षी." फोन ठेवला आणि मागे वळले, तर पडवीत धुवायच्या चादरींचा ढीग, दोरीवर तीन दिवस न वाळलेले टॉवेल, आणि सोबतीला माझी धरलेली कंबर. रागावण्याऐवजी मला हसूच आलं. कारण हाच फोन, अगदी ह्याच शब्दांत, मी बारा वर्षं केलाय.

१९९९ ते २०११ आम्ही मस्कतला होतो. ह्यांची बांधकाम कंपनीत नोकरी, रुवीत दोन खोल्यांचा फ्लॅट. आखातातल्या भारतीय शाळांना सुट्टी लागते ती जून-जुलैत, तिथला उन्हाळा तेव्हा अंगाची लाही करतो म्हणून. त्यामुळे आंब्या-काजूंची मे महिन्यातली सुट्टी माझ्या मुलांना माहीतच नाही. त्यांच्या लेखी भारत म्हणजे पाऊस! चिपळूणपासून पाऊण तासावर आमचं गाव. तिथल्या पडवीत बसून पागोळ्या मोजणं हा त्यांचा उद्योग. तिकडे वर्षातून दोन-चारदा पाऊस पडला तर कौतुक, आणि इकडे आठ-आठ दिवस सूर्य दिसायचा नाही.

आणि खाणं तरी किती! सकाळी घावन आणि नारळाचा रस. दुपारी टाकळ्याची भाजी, कधी भारंगी. चुलीत भाजलेल्या फणसाच्या आठळ्या. पहिल्या पावसातले चढणीचे मासे कुणीतरी आणून द्यायचं. एकदा दिरांनी कुर्ल्यांची पिशवी ओट्यावर ठेवली, त्यातली एक सुटली आणि माझा मुलगा पाटावर चढून बसला तो जेवायलाच खाली उतरला. आजही तो मित्रांना हे रंगवून सांगतो.

आम्हीही रिकाम्या हाती येत नव्हतो हो. टँग, निडोचे डबे, टायगर बाम आणि ती मोठाली गुबगुबीत ब्लँकेटं. (कोकणात त्या ब्लँकेटचं करायचं काय, हे बारा वर्षांत कुणी विचारलं नाही. माळ्यावर अजून तीन आहेत.) वाटायचं, केवढं आणतो आपण सगळ्यांसाठी!

२००५ चा जुलै तुम्हाला आठवत असेल. आम्ही २८ तारखेला निघणार होतो. २६ ला तो पाऊस झाला. मुंबईचा विमानतळ बंद, रेल्वे बंद, महामार्गाची वाट लागलेली. आम्ही गावातच अडकलो, चांगले नऊ दिवस. आमच्या घरात ही गोष्ट आजवर 'मजेची' म्हणूनच सांगितली जायची. वीज नाही, टीव्ही नाही, कंदिलाच्या उजेडात पत्ते, भुतांच्या गोष्टी. मुलं म्हणायची, विमान कधी सुरूच होऊ नये.

ह्या गोष्टीची दुसरी बाजू मला कळली ती आम्ही कायमचे परत आल्यावर. २०१२ च्या पावसाळ्यात मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई, मी त्यांना वहिनीच म्हणते, ओटीवर आठळ्या सोलत बसलो होतो. मी आपली 'ते कंदिलाचे दिवस' सुरू केलं. वहिनी ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मी पिशवी भरून ठेवलेली गं तेव्हा."

आम्ही २८ ला निघणार म्हणून त्या २९ ला माहेरी जाणार होत्या. खेडच्या बाजूला त्यांचं माहेर, आई अंथरुणाला खिळलेली. आम्ही अडकलो आणि त्यांनी पिशवीतलं लुगडं परत कपाटात ठेवलं. दहा माणसांचं जेवण, भाजी येत नाही, सिलिंडर संपला, चूल ओल्या लाकडांनी धुमसतेय. रात्री आम्ही पत्ते खेळून झोपलो की त्या चुलीच्या उबेला माझ्या मुलांचे कपडे वाळवत बसायच्या. आम्ही गेलो तोवर लावणीची उरलेली कामं डोक्यावर, मग गणपती. गणपती उरकून त्या माहेरी पोचल्या, तेव्हा आई लेकीला ओळखेनाशी झाली होती.

"रस्ता बंदच होता म्हणा, तुमचा काय दोष," असंही वरून त्यांनीच म्हटलं.

मैत्रिणींनो, तेव्हापासून त्या आठळ्या माझ्या घशाखाली नीट उतरत नाहीत. २००७ च्या जूनमध्ये गोनू वादळानं मस्कतला झोडपलं, नळ कोरडे पडले, तेव्हा दोन मुलांना घेऊन मी पाण्यासाठी टँकरपुढे उभी राहिले होते. मग वहिनींना फोन करून अर्धा तास रडगाणं गायले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. त्या नऊ दिवसांत तुम्ही कसं निभावलंत, हे मात्र मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही. आणि बारा वर्षांत आम्ही वहिनींना एकदाही मस्कतला बोलावलं नाही. व्हिसा, तिकीट, लहान जागा... कारणं होती. कारणं काय, नेहमीच असतात.

आता मी बचत गटांचं काम करते. चाकरमानी गणपतीला गावी आले, की त्या महिन्यात आमच्या बायकांचे हप्ते हमखास थकतात. पाहुण्यांसमोर हात आखडता घेता येत नाही ना! येणारा दीर मुलांच्या हातावर पाचशेची नोट ठेवतो, त्याचं घरभर कौतुक. जी पहाटे चारला उठून मोदकांचं पीठ मळते, तिचं कौतुक 'वहिनीच्या हाताला चव आहे' एवढ्यावर भागतं.

पाहुण्यांनी येऊच नये, असं मी म्हणत नाही. यावंच. मुलांना घर, गाव, आजी कळायला हवी. माझ्या मुलांचं मराठी त्या पावसाळ्यांनीच टिकवलं. पण परदेशातून येणाऱ्या सुना-लेकी तिकडे सगळं हातानं करतात. भांडी, कपडे, मुलं, सगळं. इकडे विमानातून उतरल्या की त्यांचे हात कुठे जातात? माहेरपण हवं, कबूल. पण ज्या घरात तुम्ही माहेरपण करता, तिथल्या सुनेलाही कुठेतरी माहेर आहे. चॉकलेटं दोन किलो कमी आणा आणि त्या पैशात महिनाभर धुण्याभांड्याला बाई लावा. निदान चार दिवस घर ताब्यात घ्या आणि तिला एसटीत बसवून द्या. पुरुषांनाही हे लागू आहे बरं का. आमच्या ह्यांना घावन घालता येतं, हे मला मस्कतला कळलं. गावच्या घरात ते कधी माजघराच्या उंबऱ्याच्या आत आले नव्हते.

काल भाचीला परत फोन लावला. हे सगळं सांगितलं नाही, तिला उगाच वाईट वाटेल. एवढंच म्हटलं, "पुढच्या वर्षी आलीस की पहिले चार दिवस स्वयंपाकघर तुझं आणि जावईबापूंचं. मी नि वहिनी खेडला जाणार आहोत, त्यांच्या भावाकडे."

पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाली, "चालेल मामी. फक्त तो डावीकडचा बर्नर कसा पेटवायचा, तेवढं लिहून ठेव."