राजाची कृपा कीं प्रजेचा हक्क?

कोणत्याही राज्यांत धर्मस्वातंत्र्य आहे कीं नाहीं, हें नुसत्या कायद्याच्या शब्दांवरून ठरत नाहीं. तो कायदा मोडण्याची सत्ता कोणाच्या हातीं आहे, हें पाहावें लागतें. फ्रान्समधील नांतच्या आज्ञापत्राची हकीकत या दृष्टीनें आमच्या वाचकांनीं, विशेषेंकरून व्यापारी वर्गानें, मनन करण्यासारखी आहे.

त्या देशांत १५६२ पासून छत्तीस वर्षें कॅथॉलिक व प्रॉटेस्टंट यांची यादवी चालली होती. १५७२ सालची पॅरिसची कत्तल हा तिचा कळस. अखेर चौथा हेन्री यानें १५९८ सालीं नांत येथें आज्ञापत्र काढून प्रॉटेस्टंटांस ठराविक ठिकाणीं उपासनेची मोकळीक, सरकारी हुद्दे व स्वसंरक्षणार्थ कांहीं तटबंदीचीं शहरें दिलीं. तें शाश्वत व अढळ आहे, असें त्यांतच नमूद होतें. पुढें १६२८ सालीं ला रोशेल पडलें, आणि दुसऱ्याच वर्षीं प्रधान रिशेल्यू यानें तीं शहरें काढून घेतलीं. उपासनेची मोकळीक मात्र राहूं दिली. राज्यांत दुसरें राज्य नसावें, हें आम्हांसही मान्य आहे. परंतु तटबंदीच्या जागीं आलें काय? इस्टेट्स जनरल ही राष्ट्रसभा १६१४ नंतर १७८९ पर्यंत भरलीच नाहीं. प्रॉटेस्टंटांचा आधार म्हणजे केवळ राजाचा शब्द उरला!

चौदावा लुई १६६१ पासून कारभार स्वतः पाहूं लागला. प्रजेंतील कांहीं लोकांचा पंथ आपल्याहून निराळा असावा, हाच त्याला आपल्या सत्तेचा उणेपणा वाटे. १६८१ पासून पुआतू प्रांतांत प्रॉटेस्टंटांच्या घरीं शिपाई उतरविण्यांत आले. धर्म सोडला कीं शिपाई उठत, न सोडला तर घर धुवून निघे. ऑक्टोबर १६८५ मध्यें त्यानें तें 'अढळ' आज्ञापत्रच रद्द केलें.

या हुकुमाचा युक्तिवाद पाहण्यासारखा आहे. त्या पंथाच्या बहुतेकांनीं कॅथॉलिक धर्म स्वीकारल्यामुळें जुनें आज्ञापत्र निरुपयोगी झालें, असें प्रस्तावना सांगते. मग प्रार्थनामंदिरें पाडावीं, उपदेशकांनीं पंधरा दिवसांत चालतें व्हावें, इतर पुरुष देश सोडतांना सांपडल्यास त्यांस गलबतावर वल्हीं मारण्यास धाडावें, हीं कलमें कोणासाठीं? जे उरलेच नाहींत, त्यांच्यासाठीं सीमेवर पहारा कशाला?

पहारा चुकवून दीड ते दोन लक्ष लोक निघून गेले. त्यांत रेशीम विणणारे, घड्याळें करणारे, सावकार, खलाशी असे कसबी लोक पुष्कळ होते. ब्रांडेनबुर्गच्या इलेक्टरानें त्याच वर्षीं पॉट्सडॅमचें आज्ञापत्र काढून त्यांस आदरानें बोलाविलें. लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागांत त्यांचे माग खडखडूं लागले. फ्रान्सची पुढील हलाखी याच एका कारणानें आली, असें आम्ही म्हणत नाहीं. लुईच्या युद्धांनींही तिजोरी रिती केली. तथापि खुद्द त्याचा दुर्गशिल्पी व्होबां यानें १६८९ सालीं या लोकांस परत बोलवावें, असा लेख लिहिला. तो कोणीं ऐकला नाहीं.

बहुजनसमाज त्या वेळीं राजाला धन्यवादच देत होता, असें कोणी म्हणेल. तें खरें आहे; बोस्युएसारख्या विद्वान धर्माधिकाऱ्यानेंही त्याची वाखाणणी केली. पण टाळ्या वाजविणाऱ्यांच्या संख्येवरून न्याय ठरत नाहीं. शेजाऱ्याचें घर ज्या हुकुमानें लुटलें जातें, त्याच हुकुमानें उद्यां आपलेंही लुटतां येतें, हें त्यांनीं ओळखलें नाहीं. प्रॉटेस्टंटांस आपले जन्म, विवाह व मृत्यु कायदेशीर नोंदविण्याची मुभा १७८७ सालीं मिळाली. तीही पुन्हां राजाच्या कृपेनेंच. धर्मस्वातंत्र्य हा मनुष्याचा हक्क आहे, हें लिहिलें गेलें तें १७८९ सालीं, राष्ट्रसभेच्या लेखणीनें. कृपेनें मिळालेलें कृपा सरतांच जातें. हक्काचें रक्षण मात्र सर्वांनीं मिळून करावें लागतें, आणि तें करितांना प्रथम पाहावयाचा तो शेजाऱ्याचा हक्क, मग आपला.