बाईचा रिपोर्ट कोण वाचतो?

किडनीच्या तपासणीचा कागद घरी आला की आपले सुशिक्षित घर काय करते? उजव्या रकान्यातली मर्यादा बघते आणि आकडा तिच्यात बसला की कागदाची घडी घालते. कर्त्या पुरुषाचा असला तर तो निदान डॉक्टरांपुढे ठेवला जातो. आईचा असला तर ‘तुला काय धाड भरलीय’ एवढ्यावर भागते. तिच्या पायांना सूज येते, ती अंगावर काढते आणि त्या अंगावर काढण्याला आपण सोशिकपणा म्हणून मखरात बसवतो.

क्रिएटिनिन हा स्नायूंच्या रोजच्या कामातून निघणारा टाकाऊ पदार्थ. किडनी तो गाळून लघवीवाटे बाहेर टाकते. गाळणे मंदावले की तो रक्तात साचतो. पण किडनीची निम्मी ताकद जाईपर्यंत हा आकडा अनेकदा मर्यादेतच राहतो. शिवाय ज्याच्या अंगावर मांसच नाही, त्याच्या शरीरात तो तयारच कमी होतो. म्हणजे जन्मभर सगळ्यांच्या मागून जेवलेली, उरलेसुरले खाऊन वाळून गेलेली म्हातारी कागदावर ठणठणीत दिसते. आधी तिला पोटभर जेवू द्यायचे नाही आणि मग त्याच उपासमारीने झाकलेल्या आजाराला ‘नॉर्मल’ म्हणून मोकळे व्हायचे, हा आपला न्याय!

म्हणून ईजीएफआर बघायचा असतो. वय आणि लिंग धरून काढलेला हा गाळण्याच्या वेगाचा अंदाज. क्रिएटिनिन 1.2 घ्या. 2021 च्या सूत्राने पंचवीस वर्षांच्या तरुणाचा ईजीएफआर साधारण 86 येतो. बासष्ट वर्षांच्या बाईचा त्याच 1.2 वर जेमतेम 51. आणि हा आकडा तीन महिन्यांहून अधिक काळ 60 च्या खाली राहिला, तर डॉक्टर त्याला दीर्घकालीन किडनीविकार म्हणतात. कागदावर ईजीएफआर नसेल तर तो मागून घ्यावा. अंगावर मांस नसेल तर तोही असावा त्यापेक्षा बरा दिसतो, हे डॉक्टरांना विचारायला विसरू नये.

लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी तर याहून आधी बोलते. क्रिएटिनिनच्या दर ग्रॅममागे अल्ब्युमिन 30 मिलिग्रॅमच्या वर जाऊन तिथेच टिकले, तर ईजीएफआर चांगला असला तरी किडनीला इजा झाल्याची ती खूण. मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या प्रत्येकाने ती वर्षाला करायची. पण लघवीची डबी हातात धरून लॅबच्या रांगेत उभे राहायची बायकांना लाज वाटते. ही लाज त्यांना शिकवली कोणी? एसटी स्टँडवरचे संडास बघून दिवसभर घोटभर पाण्यावर राहायलाही त्या आपल्याच राज्यात शिकल्या. पाणी कमी पडले की युरिया वाढतो, मग घरचे वैद्य तिची वाटीभर डाळ बंद करतात. गुडघ्यासाठी मेडिकलवरून आणलेली डायक्लोफिनॅकची गोळी मात्र चालू राहते. किडनीला ती भोवते, पण तिने स्वयंपाक थांबत नाही ना!

कित्येक बायकांच्या किडन्यांची कसून तपासणी आयुष्यात एकदाच होते. मुलाच्या किंवा नवऱ्याच्या किडन्या निकामी होतात तेव्हा. मग रक्त, लघवी, स्कॅन, काही म्हणता काही बाकी राहत नाही. आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत आणि घेणाऱ्यांत बहुसंख्य पुरुष. 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याला दात्याची स्वखुशीची संमती लागते. ‘कमावता तो आहे, तू घरीच तर असतेस’ हे वाक्य ऐकून चार नातेवाइकांच्या देखत दिलेल्या होकारात खुशी किती आणि धाक किती, हे कोणत्या समितीला मोजता येईल? मातेच्या त्यागाची गाणी गाणाऱ्यांनी एवढेच सांगावे, की बापाची किडनी जुळत असतानाही आधी आईलाच का विचारले जाते?

एक किडनी दिलेल्या माणसाने जन्मभर, दरवर्षी क्रिएटिनिन, लघवीतली प्रथिने आणि रक्तदाब तपासायचा असतो. ज्या घरांनी आईची किडनी घेतली, त्यांनी तिचा या वर्षीचा रिपोर्ट दाखवावा. मुलाचा नको, तिचा.