बॅकअप आहे हो, पण परत आणता येतो का?

सबमिशनच्या आदल्या रात्री लॅपटॉपने मान टाकली की मित्र हमखास विचारतो, ‘बॅकअप घेतला होतास ना?’ गेल्या वर्षी दक्षिण कोरियाच्या सरकारवर हाच प्रश्न ऐकायची वेळ आली.

२६ सप्टेंबर २०२५. डेजॉनमधल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम-आयन बॅटऱ्या हलवताना आग लागली. ७०९ सरकारी यंत्रणा बंद पडल्या, त्यातल्या ९६ थेट आगीच्या तडाख्यात सापडल्या. कर्मचाऱ्यांच्या ‘जी-ड्राइव्ह’वरचा ८५८ टेराबाइट डेटा गेला. एका मंत्रालयाने तर ‘कामाच्या फायली फक्त इथेच ठेवा’ असा दंडक घातला होता. एवढा डेटा ठेवायचा कुठे, म्हणून बाहेर बॅकअपच नव्हता! जळालेल्या यंत्रणा मग डेगूच्या केंद्रात, क्लाउडवर नव्याने उभ्या करायचं ठरलं.

‘टाका की क्लाउडवर!’ असं म्हणणं सोपं आहे. पण त्यासाठी हाताशी स्नॅपशॉट लागतो, म्हणजे एका ठरावीक क्षणी डेटाबेस जसा होता तशी त्याची प्रत. ती सहसा जुन्या सर्व्हरवर न ओतता नव्या क्लस्टरमध्ये उतरवतात. प्रत खराब निघाली तरी मूळ डेटाला धक्का लागत नाही. खरी गंमत पुढे आहे. नव्या क्लस्टरचा पत्ता नवा असतो, आणि ॲप मात्र जुन्याच दारावर टकटक करत बसतं. फायरवॉल, परवानग्या, सेटिंग्ज पुन्हा तपासाव्या लागतात. शिवाय स्नॅपशॉट रात्री बाराचा आणि बिघाड सकाळी सहाचा असेल, तर मधले सहा तास गेलेच समजा.

गिटलॅबने हे अनुभवलंय. जानेवारी २०१७ मध्ये एका इंजिनीअरने चुकून भलत्याच सर्व्हरवरचा सुमारे ३०० जीबी डेटा उडवला. बॅकअपचे एकेक मार्ग तपासले, तर ठरलेले बॅकअप कामाचे निघाले नाहीत. दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेला सहा तासांपूर्वीचा एक स्नॅपशॉट होता, त्याने वाचवलं.

याउलट ऑस्ट्रेलियाचा ‘युनिसुपर’ पेन्शन फंड. मे २०२४ मध्ये गुगल क्लाउडवरच्या सेटिंगमधल्या चुकीमुळे त्यांचं प्रायव्हेट क्लाउडच पुसलं गेलं, दुसऱ्या ठिकाणच्या प्रतीसकट. सहा लाखांहून जास्त सभासदांना जवळपास आठवडाभर लॉगिन करता येईना. तरीही फंड सावरला, कारण त्या क्लाउडच्या बाहेरचे बॅकअप शाबूत होते.

बॅकअपवरचा खर्च कुणाच्या डोळ्यांत भरत नाही, म्हणून कात्री आधी तिथेच लागते. पण आपल्या मार्कशीट डिजिलॉकरवर आणि पैसे यूपीआयवर आहेत. तेव्हा ‘बॅकअप आहे’ एवढ्या उत्तरावर गप्प बसायचं नाही. तो कुठे आहे आणि शेवटचा कधी उतरवून पाहिला, हेही विचारायचं.

सुरुवात स्वतःपासून करा. या रविवारी प्रोजेक्टचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर उतरवा आणि मोबाइलवर वेळ लावा. किती मिनिटं लागली आणि काय चाललं नाही, ते लिहून ठेवा.