विश्लेषण : एक कोटी स्थलांतरितांची हद्दपारी अमेरिकेला खरेच शक्य आहे का?

अमेरिकेच्या इतिहासातील सर्वांत मोठी हद्दपारी मोहीम राबवू, असे आश्वासन डोनाल्ड ट्रम्प यांनी २०२४ च्या प्रचारात दिले होते. २० जानेवारी २०२५ रोजी त्यांनी अध्यक्षपदाची शपथ घेतली आणि अवघ्या सोळा दिवसांनी अमेरिकी लष्कराचे सी-१७ विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरले. हातात बेड्या, पायात साखळ्या अशी त्यांची दृश्ये देशभर पाहिली गेली. त्या १०४ जणांत पंजाब, हरयाणा आणि गुजरातचे लोक बहुसंख्य होते, पण तिघे महाराष्ट्रातीलही होते.

दृश्य प्रभावी होते, पण हिशेब वेगळेच सांगतो. एका विमानात १०४ माणसे या गतीने १ कोटी १० लाख लोकांना बाहेर काढायचे तर एक लाखाहून अधिक उड्डाणे लागतील, म्हणजे वर्षभर रोज सुमारे २९० विमाने. मेक्सिकोच्या नागरिकांना बसने सीमेपार सोडता येते हे गृहीत धरले तरी बाकीचे ओझे प्रचंड आहे. शिवाय विमान हा या प्रक्रियेचा अगदी शेवटचा आणि तुलनेने सोपा टप्पा आहे.

मुळात आकडा किती?

अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा खात्याच्या अंदाजानुसार जानेवारी २०२२ मध्ये कागदपत्रे नसलेले १ कोटी १० लाख स्थलांतरित देशात होते. ‘प्यू रिसर्च सेंटर’ने २०२३ साठी हाच आकडा १ कोटी ४० लाख मांडला. भारतीयांच्या बाबतीत तर तफावत थक्क करणारी आहे. ‘प्यू’च्या मते २०२२ मध्ये तेथे सुमारे सव्वासात लाख भारतीय बेकायदा राहत होते, तर सरकारी अंदाज होता २ लाख २० हजार. ज्यांना बाहेर काढायचे ते नेमके किती, यावरच एकमत नाही.

यांतील सगळे लपूनछपून राहणारे नाहीत. लाखो लोकांचे आश्रयासाठीचे अर्ज प्रलंबित आहेत. लहानपणी आईवडिलांसोबत आलेल्यांना ‘डाका’ योजनेचे, तर संकटग्रस्त देशांतील काहींना ‘तात्पुरत्या संरक्षित दर्जा’चे कवच होते. ट्रम्प प्रशासनाने यांतील काही कवचे काढून घेण्याचा सपाटा लावला. क्युबा, हैती, निकाराग्वा आणि व्हेनेझुएलातील पाच लाखांवर लोकांना दिलेली तात्पुरती प्रवेश परवानगी रद्द करण्यास सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये मुभा दिली. त्यामुळे काल कायदेशीर असलेला माणूस आज हद्दपारीच्या यादीत आला. एका बाजूने माणसे बाहेर काढायची आणि दुसऱ्या बाजूने यादीच वाढवायची, असा हा प्रकार आहे.

आजवर एका वर्षात किती जणांना पाठवले गेले?

२०१२ या आर्थिक वर्षात, बराक ओबामा यांच्या कारकीर्दीत, सुमारे ४ लाख १० हजार जणांची पाठवणी झाली. त्या गतीने १ कोटी १० लाखांसाठी २७ वर्षे लागतील. त्यातही त्या वर्षीचे निम्म्याहून अधिक लोक सीमेवर किंवा सीमेलगत पकडलेले होते. नुकत्याच आत आलेल्या माणसाला परत पाठवणे सोपे असते. पंधरा-वीस वर्षे शिकागोत राहणाऱ्या, नोकरी करणाऱ्या, कर भरणाऱ्या माणसाला शोधून पकडणे हे वेगळेच काम. एका अटकेसाठी अधिकाऱ्यांचे अख्खे पथक लागू शकते आणि न्यायाधीशाच्या वॉरंटशिवाय त्यांना घरात शिरता येत नाही.

१९५४ च्या ‘ऑपरेशन वेटबॅक’चा दाखला ट्रम्प यांनी वारंवार दिला आहे. आयसेनहॉवर यांच्या काळातील त्या मोहिमेत दहा लाखांहून अधिक मेक्सिकन लोकांना बाहेर काढल्याचा सरकारी दावा होता. इतिहासकारांच्या मते तो फुगवलेला होता, कारण एकच माणूस पुन्हा पुन्हा पकडला आणि मोजला गेला. सहसा न सांगितली जाणारी गोष्ट म्हणजे, त्याच काळात ‘ब्रासेरो’ योजनेखाली लाखो मेक्सिकन मजुरांना शेतीसाठी कायदेशीरपणे आणले जात होते. मागचे दार बंद करताना पुढचे उघडे होते. आज ते तसे नाही.

खरी कोंडी न्यायालयांत का होते?

अमेरिकेत राहणाऱ्या बहुतेक स्थलांतरितांना हद्दपार करण्यापूर्वी स्थलांतर न्यायालयात सुनावणी द्यावी लागते. २०२४ च्या अखेरीस या न्यायालयांत ३६ लाखांहून अधिक खटले पडून होते आणि न्यायाधीश होते सुमारे ७००. एकेकाच्या वाट्याला पाच हजारांहून अधिक खटले. तारीख मिळायला काही वर्षे जाणे हे तेथे नेहमीचे आहे. ‘तारीख पे तारीख’ ही काही फक्त आपल्याकडची मक्तेदारी नाही.

आणखी न्यायाधीश नेमणे हा यावरचा उघड उपाय. प्रत्यक्षात २०२५ मध्ये अनेक स्थलांतर न्यायाधीशांना काढून टाकण्यात आले, अनेक स्वतःहून बाहेर पडले. ती पोकळी भरण्यासाठी लष्करातील ६०० पर्यंत वकिलांना तात्पुरते न्यायाधीश म्हणून वापरण्याची घोषणा सप्टेंबरमध्ये झाली. स्थलांतर कायदा हा अमेरिकी कायद्यातील अत्यंत किचकट विभाग मानला जातो. लष्करी वकिलांना त्याचा सराव नसतो. घाईत दिलेला निकाल अपिलात टिकला नाही, तर तोच खटला पुन्हा रांगेत येतो.

दुसरा मार्ग न्यायालयच टाळण्याचा. सीमेलगत वापरली जाणारी ‘जलद हद्दपारी’ प्रशासनाने जानेवारी २०२५ मध्ये देशभर लागू केली. दोन वर्षांहून कमी काळ राहिलेल्यांना सुनावणीविना पाठवण्याची ही तरतूद ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनच्या संघराज्य न्यायालयाने रोखली. १७९८ चा ‘परकीय शत्रू कायदा’ वापरून मार्चमध्ये व्हेनेझुएलाच्या शंभराहून अधिक नागरिकांना एल साल्वाडोरच्या तुरुंगात धाडण्यात आले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की, या कायद्याखालीही नोटीस आणि दाद मागण्याची संधी द्यावीच लागेल. अमेरिकी राज्यघटनेतील न्याय्य प्रक्रियेची हमी फक्त नागरिकांना नाही, तर ‘व्यक्तीं’ना आहे. मोहिमेचा वेग मंदावतो तो या एका शब्दामुळे.

पैसा आणि तुरुंग पुरेसे आहेत का?

पैशाची अडचण आता बरीच दूर झाली आहे. ४ जुलै २०२५ रोजी ट्रम्प यांनी स्वाक्षरी केलेल्या कायद्याने सीमा आणि स्थलांतर अंमलबजावणीसाठी सुमारे १७० अब्ज डॉलरची तरतूद केली. त्यांतील ४५ अब्ज केवळ स्थानबद्धता केंद्रांसाठी आहेत. एरवी ‘आयसीई’ या अंमलबजावणी यंत्रणेचे पूर्ण वर्षाचे अंदाजपत्रक दहा अब्ज डॉलरच्या आसपास असते. दहा हजार नवे अधिकारी भरण्याचे उद्दिष्टही ठरले. स्थानबद्धांची संख्या जानेवारी २०२५ मध्ये चाळीस हजारांच्या आत होती, ती नोव्हेंबरमध्ये ६५ हजारांपुढे गेली. मात्र त्याच कायद्याने स्थलांतर न्यायाधीशांची संख्या नोव्हेंबर २०२८ पासून ८०० वर गोठवली आहे. पकडणारे हात वाढले, निकाल देणारे नाहीत.

तरीही रक्कम कमीच पडेल, असे ‘अमेरिकन इमिग्रेशन कौन्सिल’ या स्थलांतरितांची बाजू घेणाऱ्या संस्थेचा २०२४ मधील अंदाज सांगतो. सर्वांना एकाच मोहिमेत बाहेर काढण्याचा खर्च तिने किमान ३१५ अब्ज डॉलर मांडला. दरवर्षी दहा लाख जणांची पाठवणी करायची तर वर्षाला ८८ अब्ज. लष्करी विमाने तर निव्वळ देखाव्याची चैन ठरली. ग्वाटेमालाला गेलेल्या एका लष्करी उड्डाणाचा खर्च प्रति माणशी किमान ४,६७५ डॉलर होता, असे ‘रॉयटर्स’ने मांडले. त्या मार्गावरील प्रवासी विमानाच्या पहिल्या वर्गाच्या तिकिटाच्या पाचपटीहून अधिक!

दुसऱ्या देशांनी नकार दिला तर?

हा मुद्दा चर्चेत मागे राहतो. माणूस परत पाठवायचा तर ‘हा आमचा नागरिक आहे’ असे त्याच्या देशाने मान्य करावे लागते, प्रवासाचे कागद द्यावे लागतात, विमान उतरू द्यावे लागते. हद्दपारीचा अंतिम आदेश निघूनही स्थानबद्ध नसलेले १४ लाख ४५ हजार लोक नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत होते. काहींना कायदेशीर संरक्षण होते. अनेकांच्या बाबतीत पाठवायचे कोठे हाच प्रश्न होता. क्युबा, व्हेनेझुएला, चीन, इराण यांच्याबरोबर भारतालाही ‘आयसीई’ने त्या वेळी असहकार्य करणाऱ्या १५ देशांत बसवले होते. अशा माणसाला बेमुदत कोंडूनही ठेवता येत नाही. नजीकच्या काळात पाठवणी शक्य दिसत नसेल, तर साधारण सहा महिन्यांनंतर त्याला सोडावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्येच स्पष्ट केले आहे.

यावर प्रशासनाने तोडगा काढला तो तिसऱ्याच देशात पाठवण्याचा. जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला तात्पुरती वाट मोकळी केली आणि जुलैत आठ जणांना दक्षिण सुदानमध्ये उतरवण्यात आले. त्यांतील बहुतेकांचा त्या देशाशी काडीचाही संबंध नव्हता. आठ जणांसाठी कित्येक आठवडे न्यायालयीन लढाई झाली, हेही नोंदवायला हवे.

शेते आणि कारखाने काय म्हणतात?

अमेरिकी कृषी खात्याच्या आकडेवारीनुसार पीक शेतीतील सुमारे ४० टक्के मजुरांकडे कायदेशीर दर्जा नाही. जून २०२५ मध्ये खुद्द ट्रम्प यांनीच शेतकरी आणि हॉटेल व्यावसायिक चांगले कामगार गमावत असल्याचे कबूल केले. शेत आणि हॉटेलांवरील छापे थांबवण्याचा आदेश निघाला आणि काही दिवसांतच मागेही घेतला गेला. सप्टेंबरमध्ये जॉर्जिया राज्यात ह्युंदाई आणि एलजी यांच्या बॅटरी कारखान्याच्या बांधकामावर छापा पडला. पकडलेल्या ४७५ जणांपैकी तीनशेहून अधिक दक्षिण कोरियाचे होते, म्हणजे ट्रम्प यांनाच हवी असलेली परकीय गुंतवणूक उभारायला आलेले. त्यांना न्यायला दक्षिण कोरियाने विमान पाठवले.

घरांतील गुंता याहून अवघड. कागदपत्रे नसलेल्या आई किंवा वडिलांसोबत राहणारी, जन्माने अमेरिकी नागरिक असलेली सुमारे ४४ लाख मुले २०२२ मध्ये होती. त्यांना हद्दपार करता येत नाही. त्यांचे काय करायचे, याचे उत्तर मोहिमेकडे नाही.

मग प्रत्यक्षात काय साधले?

पहिल्या वर्षात सहा लाखांहून अधिक जणांची पाठवणी झाली आणि १९ लाख जण स्वतःहून निघून गेले, असा दावा अंतर्गत सुरक्षा खात्याने डिसेंबर २०२५ मध्ये केला. पहिल्या आकड्यात सीमेवरून परतवलेले किती आणि देशाच्या आत पकडलेले किती, याची पूर्ण फोड मिळत नाही. दुसरा तर मोजणीवर नव्हे, अंदाजावर आधारलेला आहे. पण स्वतःहून जाण्यावरचा हा भर बोलका आहे. स्वेच्छेने परतणाऱ्यांना तिकीट आणि एक हजार डॉलर देण्याची योजना मे महिन्यातच आली होती. दिवसाला तीन हजार अटकांचे लक्ष्य, रस्त्यावरची मुखवटाधारी पथके, लॉस एंजेलिसमध्ये उतरवलेले नॅशनल गार्ड आणि बेड्यांची दृश्ये यांचा उपयोग येथे होतो. सर्वांना पकडता येत नसेल तर सर्वांना घाबरवता येते. आधी गुन्हेगारांना काढू, असे सांगितले गेले होते. सिराक्यूज विद्यापीठाच्या ‘ट्रॅक’ प्रकल्पानुसार मात्र स्थानबद्धांपैकी सुमारे ७० टक्क्यांवर कोणताही गुन्हा सिद्ध झालेला नाही.

भारताची भूमिका काय?

बेकायदा राहणाऱ्या आपल्या नागरिकांना परत घेणे ही प्रत्येक देशाची जबाबदारी आहे, असे परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी ६ फेब्रुवारी २०२५ रोजी राज्यसभेत सांगितले. पाठवणी नवी नाही, हेही त्यांनी आकड्यांनिशी मांडले : २०१९ मध्ये २,०४२ आणि २०२४ मध्ये १,३६८ भारतीय परत आले होते. अंतिम आदेश निघालेले १७,९४० भारतीय ‘आयसीई’च्या यादीत होते. व्यापार आणि एच-१बी व्हिसाची बोलणी बिघडू नयेत म्हणून दिल्लीने या प्रश्नावर फार ताणून धरले नाही, असे दिसते.

‘डंकी’ मार्गाने गेलेल्या अनेकांनी दलालांना लाखो रुपये मोजले, त्यासाठी जमिनी विकल्या किंवा कर्जे काढली. हद्दपारीनंतर प्रकरणानुसार पाच, दहा किंवा वीस वर्षे अमेरिकेत पुन्हा प्रवेश मिळत नाही. कर्जाचे हप्ते मात्र विमान उतरते त्याच महिन्यापासून सुरू राहतात.